चटका तव्याचा आणि सोल्डरिंगचा

आमची धाकटी गिटार वाजवते. परवा म्हणाली, "आई, कोरस पेडल मी घरीच बनवते." तिने सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं मात्र, मी ओरडले, "अगं, भाजेल!"

"दादाला कधी असं म्हणालीस? आणि पोळ्या करताना मला भाजतं, तेव्हा?" मी गप्पच झाले.

मग शेजारी बसून पाहिलं. बॉस कंपनीचं पहिलं कोरस पेडल १९७६ सालचं. गिटारचा सूर त्यात दोन वाटांनी जातो. एक तसाच, दुसरा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास मागे. तो उशीर सारखा कमी-जास्त होत राहतो. दोन्ही सूर मिसळले, की एका गिटारच्या अनेक वाटतात. आपल्या भजनी मंडळात नाही का, कुणी किंचित पुढे, कुणी मागे, म्हणूनच आवाज भरून येतो!

पहिल्यांदा पेडल मुकंच राहिलं. नकाशा घेऊन तिनेच शोधलं. एक जोड कच्चा होता. तो पक्का केला, ९ व्होल्टची बॅटरी लावली आणि घर सुरांनी भरलं.

बचत गटातून मुलींना आपण शिलाई मशीन देतो, चांगलंच आहे. पण आता सोल्डरिंग आयर्नही देऊ या. खिडकी उघडी ठेवा, धूर जाऊ द्या. चटक्याची भीती मात्र मुलगा-मुलगी पाहून घालू नका.