सुटकेचा खेळ आणि वर्गातील वाद

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन मुंबईस आला. हॉटेलात एका जर्मनाने हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली व नोकराने ती मुकाट्याने सोसली. ते पाहून ट्वेनला बालपणीच्या मिसुरीतील गुलाम आठवले. त्याची 'हकलबरी फिन' ही कादंबरी नागपूरच्या वर्गात शिकवावयाची, तर आरंभ येथून व्हावा.

कादंबरीच्या शेवटी टॉम सॉयर कोंडलेल्या जिमच्या सुटकेचे लांबलचक नाटक रचतो. मालकिणीच्या मृत्युपत्राने जिम आधीच मुक्त झाला आहे, हे टॉमला ठाऊक असते. १९५० साली टी. एस. एलियटने या शेवटाचे समर्थन केले. १९५३ साली लिओ मार्क्सने त्यात कादंबरीच्या आशयाशीच प्रतारणा पाहिली. २०११ साली एका अमेरिकन आवृत्तीने तीतील वर्णद्वेषी शिवी गाळून 'गुलाम' हा शब्द घातला. २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने 'जेम्स'मध्ये ती कथा जिमच्याच तोंडून सांगितली.

परीक्षेची गाइडे हा वाद चार मुद्द्यांत मिटवतात. वाद मिटला की विचारही मिटतो. ज्या नगरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी आपल्या मुक्तीचा निर्णय आपणच घेतला, तेथील विद्यार्थ्यांना तयार निष्कर्ष कशाला? एलियट व मार्क्स दोघेही त्यांच्यापुढे ठेवावेत. न्याय त्यांनी करावा.

दुसऱ्याच्या मुक्तीत आपली हौस भागविणारा टॉम कादंबरीतच असतो असे नाही. पुरोगामी चळवळीनेही आरशात पाहावे.