जागा एक, दावेदार दोन, वजनं किती?

ऑक्टोबर 2024 मधल्या त्या चार दिवसांची गोष्ट आहे. बंगळुरूची कसोटी 20 तारखेला संपली आणि गहुंजेच्या मैदानावर पुढची कसोटी 24 ला सुरू होणार होती. पहिल्या सामन्यात भारत 46 धावांत गारद झाला होता आणि न्यूझीलंडने भारतात 36 वर्षांनी कसोटी जिंकली होती. एवढा मोठा पराभव पचवायचा असताना लोक भांडत होते ते एका जागेवरून. मानेच्या दुखण्यामुळे बाहेर बसलेला शुभमन गिल परत येणार, म्हणजे मधल्या फळीतून कुणीतरी जाणार. सरफराज खान की के. एल. राहुल?

दिवाळी तोंडावर होती. मार्केट यार्डात भुसार विभागात रवा, मैदा, डाळींसाठी टेम्पोंची रांग लागलेली आणि फुलबाजारात झेंडूच्या भावाची वाट पाहणारे शेतकरी. त्या गर्दीतही प्रत्येक चहाच्या टपरीवर निवड समिती बसलेली होती. हमालांच्या टोळीत दोन तट पडले होते. टेम्पोवाले बहुतेक सरफराजच्या बाजूने, गाळ्यांवरचे दिवाणजी राहुलच्या. अशा वादांना फालतू म्हणणारे लोक मला फारसे आवडत नाहीत. न्याय म्हणजे काय, यावर सामान्य माणूस सगळ्यात मोकळेपणाने बोलतो तो क्रिकेटच्या संघनिवडीवर. कोर्टाच्या निकालावर तो इतकं बोलत नाही.

दोन्ही दावे भक्कम होते. सरफराजने बंगळुरूत पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात 150 केल्या होत्या. त्याच महिन्यात लखनौला इराणी करंडकात मुंबईकडून नाबाद 222. त्याआधी 2019-20 च्या रणजी हंगामात 928 आणि 2021-22 मध्ये 982 धावा. प्रथम श्रेणीतली सरासरी 65 च्या वर. एवढं करूनही भारताची टोपी मिळाली ती फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला, आणि पहिल्याच कसोटीत त्याने 62 आणि नाबाद 68 केल्या.

राहुलकडे पन्नासहून अधिक कसोट्यांचा अनुभव होता. डिसेंबर 2023 मध्ये सेंच्युरियनच्या अवघड खेळपट्टीवर त्याने शतक ठोकलं होतं. जानेवारीत हैदराबादला 86. मग दुखापत झाली आणि तो बाहेर गेला. सप्टेंबरअखेर कानपूरला बांगलादेशविरुद्ध 43 चेंडूंत 68 केल्या. बंगळुरूत मात्र 0 आणि 12. त्याची कसोटी सरासरी तेव्हा 34 च्या आसपास होती. त्याच्या गुणवत्तेच्या मानाने ही सरासरी कमी आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतील.

आता प्रशिक्षकांनी काय केलं ते पाहा. सामन्याच्या दोन दिवस आधी सहायक प्रशिक्षक रायन टेन डेस्काटे यांनी मोकळेपणाने सांगितलं की या जागेसाठी चुरस आहे, आणि राहुलच्या फलंदाजीची आम्हाला काळजी वाटत नाही. आदल्या दिवशी मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर पत्रकारांसमोर आले. समाजमाध्यमांवर लोक काय म्हणतात याने काही फरक पडत नाही, संघ व्यवस्थापनाला काय वाटतं ते महत्त्वाचं, असा त्यांचा सूर होता. राहुलच्या कानपूरच्या खेळीचं कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ जाहीर झाला, तर राहुल बाहेर आणि सरफराज आत.

म्हणजे शब्द राहुलला मिळाले आणि जागा सरफराजला. यातून राहुलच्या चाहत्यांना वाटलं की गोंगाटापुढे संघ झुकला. सरफराजच्या चाहत्यांना वाटलं की याला नाइलाजाने घेतलंय, पहिल्या अपयशाला काढतील. निर्णय योग्य असेलही. पण कशाच्या आधारावर घेतला ते कुणालाच कळलं नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. प्रशिक्षकाने चाहत्यांचं ऐकू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. अकरा जण लोकांच्या मतदानाने निवडायचे नसतात. पण ऐकू नये आणि सांगू नये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षक मुलांना विचारून गुण देत नाही. पण कोणत्या प्रश्नाला किती गुण आहेत हे तो प्रश्नपत्रिकेवर छापतो. ते छापलेलं असलं की नापास झालेला मुलगा रडतो, पण शिक्षकावर संशय घेत नाही.

मार्केट यार्डातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेतमालाच्या बाजारात एकेकाळी रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. शेतकरी समोर उभा असायचा आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला कळायचा नाही. त्या प्रत्येक सौद्यात फसवणूकच होत असेल असं नाही. कधीकधी भाव चांगलाही मिळत असेल. पण शेतकऱ्याच्या मनात शंका राहायचीच, आणि ती शंका खोटी आहे हे अडत्याला कधी सिद्ध करता यायचं नाही. म्हणून उघड लिलाव, सगळ्यांना दिसेल असा काटा, हातात हिशोबपट्टी. उघड व्यवहाराने शेतकऱ्याइतकंच प्रामाणिक अडत्याचंही रक्षण होतं.

त्या आठवड्यात एका गाळ्यावर ओळखीच्या व्यापाऱ्याने मला विचारलं, "सर, काय वाटतं, तुमचा सरफराज उद्या खेळणार का?" माणूस सज्जन आहे, बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, प्रेमाने विचारत होता. मी म्हणालो, "शेठ, तो मुंबईचा आहे, मी पुण्याचा. तो माझा कसा?" ते हसले, मीही हसलो, चहा आला. पण तो "तुमचा" माझ्याबरोबर घरी आला. राहुल कुणाचा, असं त्या गाळ्यावर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. राहुल भारताचा फलंदाज होता. सरफराज आधी आमचा होता आणि मग, धावा केल्या तर, भारताचा.

हे ओझं त्या मुलाने मागून घेतलेलं नाही. वडील नौशाद खान यांनी त्याला आझाद मैदानाच्या मातीत घडवलं. बारा वर्षांचा असताना हॅरिस शील्डमध्ये त्याने 439 धावा केल्या, त्या एका मुंबईकर पोराने केल्या होत्या.

या विषयावर आमच्या लोकांशीही मला बोलायचं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सरफराजला भारत अ संघातही घेतलं नाही, तेव्हा काँग्रेसच्या एका प्रवक्त्यांनी जाहीरपणे विचारलं की हे आडनावामुळे तर नाही? गंभीर 2019 ते 2024 भाजपचे खासदार होते, त्यामुळे प्रश्नाला लगेच धार आली. आमच्या मोहल्ल्यात अनेकांना वाटलं, चला, कुणीतरी बोललं. मला मात्र वाटतं की आडनावामुळे काढलं, असं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही. पुण्याच्या त्याच कसोटीत राहुलला बसवून सरफराजला खेळवणारे प्रशिक्षक गंभीरच होते. त्याच सकाळी मोहम्मद सिराजला वगळून आकाश दीपला घेतलं गेलं. तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकानेही सिराजचं आडनाव काढलं नाही. कारण घरच्या खेळपट्ट्यांवर त्याला फारशा विकेट मिळत नव्हत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे 4 ऑगस्ट 2025 ला ओव्हलवर त्याच सिराजने पाच बळी घेऊन भारताला 6 धावांनी सामना जिंकून दिला.

कारण दिसत असलं की संशयाला जागा उरत नाही. सिराजच्या बाबतीत ते दिसत होतं, म्हणून संशय नव्हता. सरफराजच्या बाबतीत ते धूसर राहिलं आणि त्या धुक्यात आडनाव उभं राहिलं.

आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच जातीयवादी ठरवणाऱ्यांनी पुण्याचाच इतिहास आठवावा. पालवणकर बाळू हे त्या काळातले देशातले सर्वांत मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते जे. जी. ग्रेगला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. त्यांना हिंदू संघात घ्यायचं की नाही, यावर याच शहरात वाद झाला, कारण ते चर्मकार होते. संघात आले तरी चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1923 मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. क्रिकेटच्या मैदानावर माणसाचं नाव तोललं जातं, ही शंका या मातीत कुणी बाहेरून आणलेली नाही. शंका घेणारा गुन्हेगार नसतो. शंका दूर करण्याची जबाबदारी काटा ज्याच्या हातात आहे त्याची असते.

आता काट्याकडेच बघू. पुण्यात सरफराजने 11 आणि 9 केल्या. मिचेल सँटनरने 13 बळी घेतले, भारत 113 धावांनी हरला आणि सलग 18 मायदेशी मालिका जिंकण्याचा सिलसिला तुटला. वानखेडेवर पहिल्या डावात सरफराज आठव्या क्रमांकावर आला. नाइटवॉचमन आल्याने क्रम एकाने सरकला होता हे खरं, पण जडेजालाही त्याच्या आधी पाठवलं. त्या सामन्यात त्याने 0 आणि 1 केल्या. ऑस्ट्रेलियात त्याला एकही कसोटी मिळाली नाही. मे 2025 मध्ये इंग्लंड दौऱ्यासाठी वगळताना निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी सांगितलं की बंगळुरूच्या शतकानंतर त्याच्या धावा झाल्या नाहीत. त्याच्या जागी देशांतर्गत धावांच्या जोरावर करुण नायर आला. करुणला इंग्लंडमध्ये आठ डाव मिळाले आणि अपेक्षेइतक्या धावा न झाल्याने तोही गेला.

आगरकरांनी निदान कारण तरी सांगितलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण वजन बदललं की नाही? 2020 पासून 2023 पर्यंत सरफराज देशांतर्गत धावांचे ढीग लावत होता, तेव्हा ते वजन पुरेसं नव्हतं. त्याच्या तब्येतीची चर्चा व्हायची. मग चार डाव अपयशी ठरले तेव्हा देशांतर्गत धावांचा ढीग दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला. एकाला शतकानंतर चार डाव, दुसऱ्याला आठ. राहुलला तर त्याच्या पूर्ण कारकिर्दीत कितीतरी वेळा थांबून पाहिलं गेलं, आणि इंग्लंडमध्ये 532 धावा करून त्याने त्या थांबण्याचं चीज केलं. राहुलला मिळालेल्या संधीबद्दल माझी तक्रार नाहीच. चांगल्या खेळाडूसाठी थांबलं की काय होतं, याचं तो उत्तम उदाहरण आहे. फक्त ते थांबणं कुणाच्या वाट्याला किती येतं, याचं माप एक असावं.

कुराणात अल-मुतफ्फिफीन नावाची सूरह आहे. माप मारणाऱ्यांना तिच्यात सक्त इशारा आहे, विशेषतः स्वतःसाठी घेताना भरपूर मापून घेतात आणि दुसऱ्याला देताना हात आखडतात त्यांना. मी हे प्रशिक्षकापेक्षा आपल्यासारख्या चाहत्यांना जास्त लागू करतो. आपला खेळाडू शून्यावर बाद झाला की खेळपट्टी वाईट असते, दुसऱ्याचा झाला की तंत्र वाईट असतं. आपल्या माणसाची रणजी मोजायची, दुसऱ्याचं सेंच्युरियनचं शतक विसरायचं. हा कडता आपणही रोज कापतो. सरफराजसाठी मी सवलत मागत नाही. मुसलमान आहे म्हणून एक डाव जास्त द्या, असं म्हणणं त्याचा अपमान आहे. त्याला जे वजन लावाल तेच सगळ्यांना लावा, एवढंच मागणं आहे.

प्रशिक्षकाकडून अपेक्षा तरी किती? या जागेसाठी काय मोजणार ते आधी सांगा. किती डाव देणार ते निदान त्या खेळाडूला तरी सांगा. आणि खेळाडूच्या नावावरून गलका सुरू झाला, तर गप्प बसू नका. 2021 च्या टी-20 विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीवर धर्मावरून चिखलफेक झाली, तेव्हा विराट कोहली पत्रकारांसमोर बसून स्पष्ट शब्दांत त्याच्या पाठीशी उभा राहिला. त्यासाठी त्याला ना संघ बदलावा लागला, ना समाजमाध्यमांची मर्जी राखावी लागली. कप्तान बोलला, एवढंच. लाखो घरांत त्या दिवशी काहीतरी हलकं झालं, हे मी माझ्या अनुभवाने सांगतो.

बाहेरच्या आवाजाने आम्हाला फरक पडत नाही, असं म्हणणं सोपं आहे. तो आवाज फक्त ट्रोलांचा नसतो. बॅट घेऊन मैदानावर निघालेल्या दहा वर्षांच्या मुलाचाही असतो, आणि त्याच्या वडिलांचाही, जे पहाटे तीनला टेम्पो घेऊन यार्डात येतात आणि विचार करतात की या पोराच्या किटवर पैसे घालावेत की नाही. आपल्या मुलाची निवड नक्की होईल, अशी खात्री त्यांना नकोय. न झाली तर का झाली नाही, हे कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगेल, एवढा विश्वास त्यांना हवा आहे.