शून्यही लिहायचं

मंडळी, सप्टेंबर उजाडला की आमच्या घरी ठरलेलं भांडण होतं. मंडळाचा गणपती आणि शिकारी पक्ष्यांची वारी बऱ्याचदा एकाच वीकएंडला येतात. मोदकांचं सारण ढवळता ढवळता सौ. विचारते, "यंदा आरतीला आहात, की आकाशात?" आम्ही दुर्बीण पिशवीत सरकवत "आरतीपर्यंत येतोच" म्हणतो. आजवर दोनदा थेट प्रसादालाच पोचलो आहोत.

आता ही वारी कसली, ते सांगतो. ॲन आर्बरहून पाऊण-एक तासावर, डेट्रॉइट नदी ईरी सरोवराला मिळते तिथे लेक ईरी मेट्रोपार्क आहे. कॅनडातून दक्षिणेला निघालेले हे पक्षी पंख मारून दमत नाहीत. जमीन तापून हवा वर चढते, तिच्यात गोल गोल फिरत उंची गाठायची आणि मग घसरत पुढे जायचं, असा त्यांचा कोकणस्थी काटकसरीचा प्रवास! पाण्यावर अशी हवा चढत नाही. म्हणून सरोवर आडवं आलं की ते काठाकाठाने पश्चिमेला येतात आणि नदीच्या मुखाशी पलीकडे जातात. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेचा वारा लागला की ब्रॉड-विंग्ड हॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याहून थोडा थोराड पक्षी, हजारोंनी जातो, तो थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत. ऑक्टोबरात टर्की व्हल्चर, म्हणजे इथली गिधाडं, येतात. थोडं दक्षिणेला पॉइंट मुये आहे. तिथल्या बांधांवरून फिरलं की चिखलात टोचणारे तुतवार आणि चिखले दिसतात.

मेट्रोपार्कला १९८०च्या दशकापासून दर शरदात या पक्ष्यांची मोजणी चालते. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर, रोज. आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस नेमका पावसाचा निघाला. घडीच्या खुर्चीत एक निवृत्त आजोबा एकटेच बसले होते, मांडीवर वही. आकाशात एक पाखरू नाही. आम्ही म्हटलं, "आज लिहायला काहीच नाही!" ते म्हणाले, "आहे की. शून्य लिहितो."

दिवसभर गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या इंजिनियरला ही भाषा लगेच कळली. ओळख वाढली. पुढे ऑक्टोबरात डोक्यावरून गिधाडांची रांगच्या रांग जात असताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गावी असतात का?" आम्ही छाती फुगवून म्हटलं, "भरपूर!" डोळ्यांपुढे श्रीवर्धनकडचा माळ होता. आमच्या लहानपणी तिथे मेलेलं गुरू टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आम्ही पोरं नाकाला रुमाल लावून लांबून बघायचो.

त्या रविवारी आईला फोनवर सहज सांगितलं. आई म्हणाली, "अरे, कुठली गिधाडं? किती वर्षांत पाहिली नाहीत. कधी गेली ते कळलंसुद्धा नाही बघ."

आम्ही एम.एस. करायला २००३ साली निघालो. गिधाडं आमच्याआधीच गेली होती. आम्ही तिथेच होतो, रोज त्याच आकाशाखाली शाळा-कॉलेजला जात होतो, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग वाचायला लागलो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात इतकी होती की ती मोजावीत असं फारसं कुणाला वाटलंच नाही. पण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात राजस्थानात भरतपूरला ती मोजली होती. १९९०च्या दशकात पुन्हा मोजली, तर आकडा कोसळलेला. जुना आकडा हाताशी होता म्हणून नवा आकडा भयंकर आहे हे कळलं. कारण २००४ साली जगापुढे आलं: गुरांना दुखण्यावर तेव्हा देत ते डायक्लोफेनॅक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर या जातीची शेकडा नव्याण्णवांहून अधिक गिधाडं संपली होती.

पुढच्या जानेवारीत घरी गेलो ते दुर्बीण घेऊनच. ओहोटी साधून आईबरोबर हरिहरेश्वरच्या देवळामागच्या कातळावर गेलो. लहानपणी शंभरदा केलेली प्रदक्षिणा. पण लक्ष असायचं ते पाय घसरू नये याकडे. या वेळी वर पाहिलं. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड लाटांवरून सावकाश गेला. खाली ओल्या खडकावर एक तुतवार शेपूट हलवत चालला होता. खाडीपलीकडे वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं २००२ साली याच समुद्रगरुडांची पाहणी करत तिथे गेली, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि त्यातून कासवांचं संरक्षण उभं राहिलं. मोजायला गेलं एक, हाती लागलं दुसरं!

निघताना दुर्बीण आईकडेच ठेवली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. "मला काय करायचीय ती?" म्हणाली. पण आता दर रविवारी फोनवर गुडघ्यांच्या आधी आकडे येतात. संध्याकाळी अर्धा तास, पडवीतून: "घारी सहा, समुद्रगरुड एक, गिधाड..." आणि पहिल्याच रविवारी ती थांबली. "नाहीच ते. लिहायचं कशाला?"

"लिही आई. शून्यही लिहायचं."

गेली दोन वर्षं ती ते शून्य लिहिते आहे. तिच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली.

तर मंडळी, यंदा गणपतीच्या शनिवारी सकाळी चार तास काढा. खुर्ची, थर्मासात चहा आणि पोरं बरोबर आणा. आरती चुकणार नाही, असं सौ.ला आम्ही लेखी दिलं आहे.