लोड किती, हे ठरवतो कोण?

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांत, पुणे-ठाण्याच्या बांधकामांवर पिवळी हायड्रा क्रेन दिसली नाही असा दिवस जात नाही. ट्रान्सफॉर्मर उतरवायचा, सळईचे गठ्ठे हलवायचे, शेडचे खांब उभे करायचे, कामे पडतील तशी ती करते. फोन केला की तासाभराच्या भाड्याने येते. हा तिचा मोठा गुण, आणि धोक्याची सुरुवातही तिथूनच होते.

साधारण क्रेन आधी जॅक टेकवते, मग माल उचलते. हायड्रा माल लटकवूनच चालू लागते. सगळा भार टायरांवर. वळताना तिचा सांगाडाच मधून दुमडतो, त्यामुळे गुरुत्वमध्य बाजूला सरकतो. सरळ उभी असताना भक्कम वाटलेली क्रेन त्याच मालासकट वळणावर कलंडू शकते, आणि खाली ताजा भराव असेल तर विचारायलाच नको. बूमवर, म्हणजे लांबणाऱ्या बाहूवर, ठळक अक्षरांत लिहिलेला ‘१४ टन’ हा आकडा खरा असतो तो बूम आखडलेला आणि माल अगदी पुढ्यात असतानाच. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने उतरते. लोड चार्टमध्ये हे सगळे छापलेले असते. तो चार्ट बहुतेक वेळा सीटच्या मागे घडी होऊन पडलेला असतो.

जुन्या मॉडेलमध्ये चालक मागे बसतो. त्याच्या डोळ्यांसमोर बूम आणि झुलता माल. तो झुलू नये म्हणून हेल्पर हाताने धरून पुढे चालतो, म्हणजे चाकाच्या वाटेत आणि चालकाला न दिसणाऱ्या जागेत. दोरी बांधून लांबून माल सावरायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या आवारात जुन्या हायड्रांना मज्जाव केला, पुढे केबिन असलेली मॉडेलही बाजारात आली. पण मज्जाव त्यांच्या फाटकापुरता. शेजारच्या प्लॉटवर काम जुन्याच यंत्रावर चालते.

अपघात झाला की पहिले बोट चालकाकडे जाते. त्याची चूक असतेही. पण मालाचे वजन किती, जमीन कशी आहे, पट्टा कुठला वापरायचा, हे ठरवायला त्याच्या मदतीला कोण होते? बहुतेक साइटवर कोणीच नसते. मुकादम म्हणतो ‘आठेक टन असेल’, आणि तेच अभियांत्रिकी ठरते.

मोठ्या प्रकल्पांत हिशेब कागदावर होतो, तरी चूक टळतेच असे नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बेसबॉलचे स्टेडियम बांधताना १४ जुलै १९९९ रोजी ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन कोसळली. छताचा चारशे टनांहून जड तुकडा ती वर चढवत होती आणि वारा होता. क्रेनवर पडणारा वाऱ्याचा जोर विचारात घेतला होता. शिडासारख्या पसरलेल्या त्या तुकड्यावर किती जोर येईल, हे मात्र धरलेले नव्हते. दुसऱ्या क्रेनच्या पाळण्यात उभे असलेले तीन कामगार गेले. ही चूक लीव्हरवरच्या हाताची नव्हती.

आपल्याकडची उदाहरणे जवळची आहेत. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नव्या क्रेनची भारचाचणी चालू असतानाच ती कोसळली आणि ११ जण मेले. चाचणी करायची ती क्रेन तो भार पेलते की नाही हे पाहण्यासाठीच. मग त्या वेळी तिच्यावर आणि तिच्या आसपास एवढी माणसे का होती? बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून वीस जणांचा जीव गेला.

कायदा नव्हता असे नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचे कलम २९ सांगत होते की उचलयंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला हवा, त्याहून जास्त उचलू नये आणि सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी व्हावी. मात्र ही तपासणी यंत्राची झाली. आजच्या, या जागेवरच्या, या मालाच्या उचलणीची जबाबदारी कोणाची? ब्रिटनच्या १९९८च्या नियमांत प्रत्येक उचलणीचे नियोजन सक्षम व्यक्तीने करावे आणि उचलणीवर योग्य देखरेख असावी, असे बंधन मालकावर आहे. आपल्याकडे हाच दुवा सर्वांत कच्चा आहे. आरटीओचा परवाना चालक रस्त्यावर गाडी नेऊ शकतो एवढेच सांगतो.

हा दुवा पक्का करण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. हायड्राच्या भाडेपावतीवर तास आणि रक्कम असते. तिथेच मालाचे वजन, बूमची लांबी आणि उचलणीचा हुकूम देणाऱ्याची सही, असे तीन रकाने वाढवता येतील. सरकारी निविदांत ही अट घालणे सार्वजनिक बांधकाम खात्याला अवघड नाही. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्याही बिल्डरकडे क्रेनचे तपासणी प्रमाणपत्र आणि हा कागद मागू शकतात. पार्किंगच्या एकेका जागेवरून त्या महिनोन्महिने भांडतात, तर हेही एकदा विचारून पाहावे.