दान नको, कर द्या!

परवडणाऱ्या घरांसाठी मक्तेदार कंपन्या आणि त्यांच्या मालकांचे धर्मादाय निधी कोट्यवधींची अनुदाने जाहीर करतात, तेव्हा भांडवलदारी वृत्तपत्रे त्यांच्या औदार्याचे पोवाडे गातात. परंतु या अनुदानांचा प्राधान्यक्रम कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र शिताफीने टाळला जातो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने त्याचे उत्तर दिले आहे.

अ‍ॅमेझॉनच्या भरभराटीबरोबर या शहरात घरभाडी भडकली आणि कष्टकरी रस्त्यावर आले. 14 मे 2018 रोजी नगरपरिषदेने एकमताने ठराव केला : शहरात वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी दर कर्मचाऱ्यामागे वार्षिक 275 डॉलर कर द्यावा आणि त्यातून घरे उभारावीत. अ‍ॅमेझॉनने नव्या इमारतीचे काम थांबविण्याची धमकी आधीच दिली होती. बड्या कंपन्यांनी मोहीम उघडली. आणि महिन्याच्या आत, 12 जूनला, त्याच परिषदेने तो कर रद्द केला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी अ‍ॅमेझॉनचे मालक जेफ बेझोस यांनी बेघर कुटुंबे आणि बालशाळा यांच्यासाठी दोनशे कोटी डॉलरचा निधी घोषित केला. कर नाकारणारा हात दान देण्यास तत्पर होता! कारण उघड आहे. कराचा विनियोग निवडून आलेले प्रतिनिधी ठरवितात. दानाचा विनियोग दाता ठरवितो. निधी कुटुंबांसाठी आहे. मग एकट्या बेघर मजुराने दाद कोठे मागावी?

जानेवारी 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने याच परिसरातील घरांसाठी पन्नास कोटी डॉलर जाहीर केले. त्यातील निव्वळ अनुदान अवघे अडीच कोटी. उरलेली सर्व कर्जे! त्यातही मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी साडेबावीस कोटी सवलतीच्या दराने आणि अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी पंचवीस कोटी बाजारभावाने. जो अधिक गरीब, त्याच्या घरावर अधिक व्याज, असा हा प्राधान्यक्रम!

'काही घरे तरी उभी राहतात ना?' असा सवाल केला जाईल. कोणाच्याही डोक्यावरील छप्पर तुच्छ नाही. परंतु हिशेब पाहावा. बेझोस निधीने 2018 मध्ये साऱ्या देशातील 24 संस्थांना पावणेदहा कोटी डॉलर वाटले. उलट सिअ‍ॅटलने 2020 मध्ये बड्या कंपन्यांच्या वेतनखर्चावर बसविलेल्या कराने एकट्या शहरात पहिल्याच वर्षी वीस कोटींहून अधिक रक्कम दिली. घरांसाठीचा तो पैसा पुढे अर्थसंकल्पातील तूट भरण्याकडे वळविला गेला, हेही खरे. पण तो वळविणाऱ्यांना भर सभेत जाब विचारता येतो, मतपेटीतून घरी बसविता येते. दानशूरांना कोण घरी बसविणार?

फेब्रुवारी 2025 मध्ये सार्वजनिक मालकीच्या घरांसाठी दहा लाख डॉलरवरील वार्षिक वेतनावर मालकांकडून पाच टक्के कर घ्यावा, असा प्रस्ताव मतदानास आला. त्याला पर्यायी प्रस्ताव उभा करणाऱ्या मोहिमेस अ‍ॅमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी प्रत्येकी एक लाख डॉलर पुरविले. तरीही मतदारांनी करालाच कौल दिला.

घर ही दात्याच्या मर्जीची भिक्षा नव्हे. ज्यांच्या श्रमातून नफा निर्माण होतो त्यांचा तो हक्क आहे, आणि हक्काचा क्रम हक्कदारांनीच ठरवावयाचा असतो.