चित्रातील गती आणि चित्रावरील गती

अभिजात चित्रांना ‘सजीव’ करणारे सचेतन लघुपट आता विपुल झाले आहेत. संगणकाच्या साहाय्याने जुन्या चित्रातील स्त्रीची पापणी लवविता येते, वस्त्र उडविता येते, मेघ सरकविता येतात. चित्रकलेपासून दूर राहिलेला प्रेक्षक अशा लघुपटांमुळे चित्रांजवळ येतो, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘सजीव करणे’ या शब्दप्रयोगातच चित्र मूळचे निर्जीव असते असे एक गृहीत दडलेले आहे. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६००च्या सुमारास रंगविलेले ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे चित्र आहे. ख्रिस्ताने हात पुढे केला आहे आणि मेजाभोवती बसलेल्यांपैकी एक दाढीवाला पुरुष बोट दाखवीत आहे. ते बोट स्वतःकडे आहे, की मान खाली घालून नाण्यांत गुंतलेल्या तरुणाकडे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उद्या कोणी त्या तरुणाला मान वर करावयास लावली, तर प्रश्न तत्काळ मिटेल. पण प्रश्नाबरोबर चित्रही संपेल. निर्णयापूर्वीचा क्षण रोखून धरणे हेच तेथे चित्रकाराचे कर्तृत्व आहे.

इटलीचे रिनो स्तेफानो तालियाफिएरो यांनी २०१४ साली केलेला ‘ब्यूटी’ हा सुमारे दहा मिनिटांचा लघुपट या प्रकाराचा गाजलेला नमुना होय. बूगरो, काराव्हाज्जो आदींच्या चित्रांतून त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास गुंफला आहे. कौशल्य वादातीत आहे. तथापि भिन्न शतकांतील, भिन्न प्रकृतींच्या चित्रकारांच्या आकृती तेथे जवळजवळ एकाच संथ लयीत श्वास घेऊ लागतात. ही लय चित्रांतून आलेली नसून चित्रांवर घातलेली आहे.

याहून वेगळा मार्ग चीनमध्ये फार पूर्वीच चोखाळला गेला. ची बाइशी या थोर चित्रकाराने १९५१ साली लेखक लाओ श यांच्यासाठी बेडकांचा दूरवर ऐकू येणारा आवाज हा विषय रंगविला. चित्रात मात्र बेडूक नाही, झऱ्यात पोहणारी बेडकाची पिल्ले तेवढी आहेत. चित्रकाराच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९६० साली, शांघायच्या सचेतनपट निर्मितीगृहात ते वेइ व त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या शोधात निघालेल्या अशाच पिल्लांचा लघुपट केला. बाइशींच्या शैलीतील आकृतींच्या गडद-फिक्या छटा त्यांनी वेगवेगळ्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवून थरांनी चित्रित केल्या. रेघेची चौकट नाही, पाणीही बहुधा कोऱ्या जागेतूनच सुचविले आहे. एखादे विशिष्ट चित्र हलविण्याऐवजी त्यांनी चित्रकाराची भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेत नवी कथा सांगितली.

स्थिर चित्रातून कथा चालविण्याचा हा विवेक महाराष्ट्रालाही परका नाही. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरीत आणि वाद्यांच्या साथीने कथा गात. चित्र जागचे हलत नसे. हलत असे ती श्रोत्यांची कल्पना.

हा प्रश्न केवळ रसिकांचा नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांची थोर चित्रांशी पहिली भेट यापुढे मोबाइलच्या पडद्यावर आणि तीही हलत्या रूपात होणार आहे. ज्याला चित्र प्रथमच डोळे मिचकावताना दिसले, त्याला स्थिर चित्र अपुरे वाटू लागेल आणि त्यासमोर थांबून पाहण्याची सवय लागण्यापूर्वीच मोडेल. म्हणून लघुपटकारांनी मूळ चित्र, चित्रकाराचे नाव आणि चित्राचे ठिकाण पुरेसा वेळ दाखवावे. शिक्षकांनी तर क्रमच उलटा ठेवावा : आधी पाच मिनिटे स्थिर चित्र, त्यानंतर पुढे काय घडेल याविषयी मुलांचे तर्क, आणि मग लघुपट. पडद्यावरील उत्तराशी स्वतःचे उत्तर ताडून पाहणारा विद्यार्थी मूळ चित्राकडे पुन्हा वळेल. लघुपटाचे यश याच कसोटीवर ठरावे.