पावती कंपनीच्या नावानेच फाडा

सप्टेंबर २०२५मधल्या एका रात्री कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो शहरात पोलिसांनी मद्यपी चालकांसाठी नाकाबंदी लावली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत वेमोच्या एका टॅक्सीने बेकायदा यू-टर्न घेतला. पोलिसांनी तिला थांबवले आणि जवळ जाऊन पाहिले, तर चालकाच्या जागी कोणीच नव्हते. माणूस असता तर पावती फाटली असती. इथे कंपनीला कळवून गाडी सोडून द्यावी लागली. आमच्या पावतीपुस्तकात रोबोसाठी रकाना नाही, असे पोलिसांनी नंतर जाहीरपणे सांगितले.

या बातमीवर बरेच लोक हसले. मला ती गंभीर वाटते. याच कंपनीच्या गाड्यांना २०२४मध्ये शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत चुकीच्या पार्किंगबद्दल ५८९ पावत्या मिळाल्या होत्या आणि दंड ६५ हजार डॉलरांवर गेला होता. पार्किंगची पावती नंबरप्लेटवर फाटते, चालत्या गाडीच्या गुन्ह्याची माणसावर. म्हणजे उभी असलेली गाडी कायद्याच्या हाती लागत होती आणि धावू लागली की निसटत होती. धोका तर धावणाऱ्या गाडीचाच जास्त.

पहिला आक्षेप असा, की चालकच नाही तर गुन्हा कोणाचा? यात ‘चालवणे’ म्हणजे हातात स्टिअरिंग धरणे, एवढाच अर्थ गृहीत धरला आहे. वळायचे की थांबायचे, हे कोणीतरी ठरवतेच. ते ठरवणारी प्रणाली कंपनीने लिहिली, तपासली आणि पैसे घेऊन रस्त्यावर आणली. टेक्सासने २०१७मध्येच कायदा केला, की स्वयंचलित प्रणाली चालू असताना वाहतूक नियमांपुरता त्या प्रणालीचा मालक हाच चालक मानावा. तेव्हा हे कायद्यात बसत नाही, असे कोणी सांगू नये.

दुसरे म्हणणे, आत बसलेल्याला धरा. ज्या गाडीत माणसाने सतत लक्ष ठेवायचे असते, तिथे जबाबदारी माणसाची, हे मला मान्य आहे. पण भाडे भरून मागच्या सीटवर बसलेल्या आजीबाईंना सिग्नल तोडल्याबद्दल कसे धरणार? ब्रिटनच्या २०२४च्या कायद्याने हा गुंता नीट सोडवला आहे. गाडी स्वतः चालत असताना ती जशी चालली, त्याबद्दल आतल्या माणसावर खटला नाही. जबाबदारी परवानाधारक कंपनीची.

माणसालाच पुढे केले की काय होते, ते ॲरिझोनातल्या टेम्पी इथे दिसले. १८ मार्च २०१८च्या रात्री उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली. ती दगावली. गाडीच्या सेन्सरना ती धडकेच्या साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. पण झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडील, हे त्या प्रणालीच्या हिशेबातच नव्हते. तिला वाहन म्हणावे, सायकल म्हणावे की आणखी काही, यातच वेळ गेला. देखरेखीला बसलेल्या चालक स्त्रीचे लक्ष मोबाइलवर होते. तिचा दोष होताच आणि २०२३मध्ये तिला तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. पण अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने कंपनीच्या ढिसाळ सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका ठेवला होता. सरकारी वकिलांनी मात्र कंपनीवर फौजदारी खटला होऊ शकत नाही असे २०१९मध्येच ठरवले होते. दोघांच्या चुकीचे ओझे एकटीच्या खांद्यावर आले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. या गाड्या माणसांपेक्षा सुरक्षित आहेत, दंडाचा बडगा दाखवून त्यांची वाट का अडवता? वेमोने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत माणूस जखमी होईल असे अपघात खरोखर कमी दिसतात. ते मी नाकारत नाही. उलट त्याचा मला आनंद आहे. पण तीस वर्षे निष्कलंक गाडी चालवणाऱ्यालाही लाल सिग्नल माफ नसतो. शिवाय माणसाची चूक त्याच्या एकट्याची असते, तर इथे एकच प्रोग्रॅम शेकडो गाड्यांत असतो. टेक्सासच्या ऑस्टिन शहरात २०२५मध्ये मुलांना उतरवण्यासाठी थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडून जाण्याचे प्रकार वेमोच्या गाड्यांकडून पुन्हा पुन्हा घडले. सॉफ्टवेअर सुधारल्यानंतरही ते थांबले नाहीत आणि अखेर डिसेंबरात कंपनीला रीकॉल जाहीर करावा लागला. बसमधून उतरणाऱ्या मुलाच्या आईला सरासरी सांगून काय उपयोग?

शेवटचा आक्षेप मला पटतो. अब्जावधींच्या कंपनीला शे-दोनशे डॉलरांचा दंड म्हणजे काहीच नाही. म्हणूनच नुसता दंड पुरणार नाही. कॅलिफोर्नियात साध्या चालकाच्या खात्यावर बारा महिन्यांत चार गुण चढले, की त्याचा परवाना धोक्यात येतो. तसेच खाते ताफ्याचेही हवे. गाड्या जास्त धावतात म्हणून ते मैलांच्या प्रमाणात मोजा, पण मोजा. परवान्याची भाषा कंपन्यांना कळते. ऑक्टोबर २०२३मध्ये क्रूझच्या गाडीने सॅन फ्रान्सिस्कोत एका जखमी स्त्रीला सुमारे वीस फूट फरफटत नेले आणि कंपनीने तपास अधिकाऱ्यांपुढे हीच गोष्ट झाकली. राज्याने परवाने स्थगित केले, तेव्हा कुठे तिच्या गाड्या थांबल्या.

या कसोटीला कॅलिफोर्नियाचा १ जुलै २०२६पासूनचा नवा नियम अपुरा पडतो. त्यानुसार पोलिसांना कंपनीच्या नावे उल्लंघनाची नोटीस देता येते. हे पाऊल योग्यच आहे. पण त्या कायद्यात दंडाची रक्कम ठरवलेली नाही.

आपल्याकडे नितीन गडकरी यांनी रोजगाराचे कारण देत चालकविरहित गाड्यांना अनेकदा विरोध केला आहे. पण त्या कधी आल्याच, तर आपला १९८८चा मोटार वाहन कायदाही चालक नावाच्या माणसाभोवतीच उभा आहे. त्याच कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला जबाबदार धरले. चाकावर एक, जबाबदार दुसरा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. त्या दुरुस्तीशेजारी आणखी एक कलम हवे: गाडी स्वतः चालत असेल तेव्हा ती चालवणारी कंपनी हीच चालक, आणि पोलिसांनी मागताच त्या प्रसंगाचे सगळे चित्रीकरण तिने हवाली करायचे.